मुंबई ते लंडन विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो? तिकिटावर जाताना साडेपाच तास आणि येताना साडेतेरा तास का दिसतात?

तिकिटावर जी दोन टायमिंग असतात ना, ती त्या त्या शहराची लोकल टाइम असतात, त्यांची थेट वजाबाकी करायचीच नाही, सगळा घोळ तिथे होतो. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं. म्हणजे मुंबईहून दुपारी १ ला सुटलात तेव्हा तिकडे सकाळचे साडेआठ वाजलेले असतात, त्यात दहा तास मिळवा, संध्याकाळी साडेसहाला पोचलात. घड्याळात साडेपाच तास दिसले तरी सीटवर दहा तासच काढायचेत. येताना उलटं, तिकडून सकाळी १० ला निघालं तर इथे दुपारचे अडीच, वर नऊ तास, रात्री साडेअकरा. आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळं एक तास मागे घेतात, मग मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत फरक साडेपाच तासांचा असतो, हे लक्षात ठेवा.

अंतर साधारण ७,२०० किमी. पण हे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरल्यासारखं मोजलेलं, सगळ्यात जवळच्या वाटेचं. ताशी ९०० ने भागलं की आठ तास येतात आणि लोक म्हणतात मग दहा कसे? एक तर ती जवळची वाट पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र, युक्रेन अशी जाते. युक्रेनची हवाई हद्द फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रवासी विमानांना बंद झाली आणि पाकिस्तानने त्यांची हद्द एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना बंद केली, म्हणजे वळसा आलाच, आणि तो कंपनीप्रमाणे कमी-जास्त असतो.

दुसरं म्हणजे वारा, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. ३५-४० हजार फुटांवर जेट स्ट्रीम नावाचा जोरदार वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर ताशी दीडशे-दोनशे किमी सहज असतो. जाताना तो तोंडावर, येताना पाठीशी. समोरच्या स्क्रीनवर मॅप लावून ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने वेग, बघत बसा, जाताना आकडा ८०० च्या आसपास रेंगाळतो आणि येताना कधीकधी १,००० च्या वर गेलेला दिसतो, विमान हवेत तेवढ्याच वेगाने उडत असतं तरीही! म्हणून जाताना दहाच्या आसपास आणि येताना नऊच्या आसपास धरा.

शिवाय तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, नुसता हवेतला नाही. मुंबईत रनवेच्या रांगेत गेलेला वेळ त्यातच आला, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळाला दोनच धावपट्ट्या असल्याने गर्दीच्या वेळी लंडनच्या बाहेर ठरलेल्या चार जागी विमानं वेगवेगळ्या उंचीवर गोल फिरवत ठेवतात. खिडकीतून तेच गाव दोनदा-तीनदा दिसलं तर घाबरू नका, उतरायचा नंबर लागायचाय एवढंच.

आईबाबा पहिल्यांदा जाणार असतील तर मी डायरेक्टच घ्या म्हणेन, दुबई-दोहावरून स्वस्त पडतं पण तेरा ते सोळा तास होतात आणि मध्ये पुन्हा सिक्युरिटी. बुकिंग करताना सुटायची-पोचायची वेळ बाजूला ठेवून ड्युरेशन लिहिलंय ते बघा. घ्यायला येणाऱ्याला मात्र लँडिंगनंतर एक-दीड तासाने बाहेर येतील असं सांगून ठेवा, इमिग्रेशन आणि बॅगांना तेवढा वेळ जातोच.