अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून आलेल्या निर्वासित घरांतल्या मुलांना वेगळा सपोर्ट कशाला लागतो? एशियन मुलं तर हुशारच असतात ना?

हाच तर घोळ आहे. फॉर्मवर 'एशियन' एवढा एकच रकाना असला की आपला एच-१बीवाल्या इंजिनिअरचा मुलगा आणि १९७५ नंतर थायलंडच्या कॅम्पमधून आलेल्या ह्मोंग (लाओसच्या डोंगरांतला एक समाज) शेतकऱ्याची नात एकाच टोपलीत. मग सरासरी झकास दिसते आणि नातीकडे कोणी बघत नाही.

मी मिनेसोटात टीए, म्हणजे प्रोफेसरचा शिकवणीतला मदतनीस होतो, तिथे ह्मोंग वस्ती भरपूर. एक मुलगी दर मंगळवारी लॅब बुडवायची, मला वाटलं टंगळमंगळ करतेय, नंतर कळलं आजीला डायलिसिसला न्यायचं आणि तिथे दुभाषी पण हीच. फाफ्सा, म्हणजे कॉलेजच्या सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, त्यातला आईबापाचा भाग पण हीच भरणार. त्यांच्यात अंत्यविधी तीन-चार दिवस चालतो, नातवंडांना तिथे राबावं लागतं, आणि प्रोफेसर विचारतो आजोबा वारले तर एक दिवस पुरे की!

उपाय म्हणाल तर आकडे गटवार वेगळे काढा, दांडी पडली की आधी कारण विचारा, आणि त्याच समाजातला ॲडव्हायजर ठेवा. यूसी अर्वाइनमध्ये १९८७पासून साउथईस्ट एशियन अर्काइव्ह, म्हणजे या निर्वासितांच्या कागदपत्रांचा संग्रह आहे, आपल्या आजीची गोष्ट लायब्ररीत सापडणं ही साधी गोष्ट नाही हो. २००७मध्ये एशियन आणि पॅसिफिक बेटांवरचे विद्यार्थी बरेच असलेल्या कॉलेजांसाठी आनापिसी (AANAPISI) नावाची फेडरल ग्रँटही सुरू झाली, पण तिथेही एक अट हे सगळे विद्यार्थी मिळून किमान १० टक्के अशीच ठेवली, म्हणजे परत तीच टोपली.