'बरोबर' वाचावे की 'समान'?

खानापूरकडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे: मराठी माध्यमाच्या वर्गात = हे चिन्ह 'बरोबर' असे वाचावे की 'समान'? 'बरोबर' फारसी, म्हणून टाका, असे त्यांना कुणीतरी बजावले आहे.

'बरोबर'च वाचा. 'सोबत' आणि 'अचूक' हे त्याचे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सोडतो. 'सोबत'साठी आपल्याकडे 'संगट' आहेच.

फारसीत 'बर' म्हणजे छाती. बर-आ-बर, छातीला छाती! मधला 'आ' एकाच शब्दाची दोन रूपे समोरासमोर आणतो. लब म्हणजे ओठ, म्हणून लबालब म्हणजे काठोकाठ. सर म्हणजे डोके. सरासर म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यातूनच आपली 'सरासरी'. गणिताच्या वहीतले दोन शब्द एकाच साच्यातून निघालेले! माझे तर मत असे की ते मूळ चित्र आपल्या मातीत अजून जिवंत आहे: कुस्ती 'बरोबरीत' सुटते, 'समानतेत' नाही. हा शब्द इकडे आदिलशाहीच्या (१४९०–१६८६) वसुली-जमाखर्चातून रुळला असावा असे मी मानतो. इकडच्या कन्नडमध्येही 'बरोब्बरि' ऐकू येतेच की.

शुद्धीवाल्यांना एवढेच विचारतो: 'वजाबाकी'चे काय करणार? वजा अरबी, बाकी अरबी. जमा, रक्कम, हिशेब, सगळे तिकडचेच. एकट्या 'बरोबर'वरच राग का? शिवाय 'समान' भूमितीत घात करतो. आकार तोच असेल तर समरूप, आकार आणि माप दोन्ही तीच असतील तर एकरूप, असा काटेकोर भेद आपण केलेला आहे. तिथे 'दोन त्रिकोण समान' म्हटले की नेमके काय म्हणायचे आहे ते कुणालाच कळत नाही.

पण मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. १२ + ८ = २० × ३ = ६०. असले उत्तर मी वह्यांत, फळ्यांवर, छापील मार्गदर्शकांतसुद्धा पाहतो. १२ + ८ म्हणजे ६०? इथे = चा अर्थ 'मग' असा झाला आहे. चिन्ह छातीला छाती सांगते. 'मग' सांगायला मराठीत 'मग' आहे, 'म्हणून' आहे, ∴ आहे. दोन ओळी करा:
१२ + ८ = २०
∴ (१२ + ८) × ३ = २० × ३ = ६०

वेल्सच्या रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ साली हे चिन्ह छापले, तेव्हा दोन समांतर रेषा निवडल्या; त्यांच्याहून अधिक सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, असे कारण त्याने दिले. फारसी शब्दातली जोडी आणि त्याची जोडी मला एकाच कल्पनेच्या वाटतात. डावी बाजू, उजवी बाजू हे आपले शब्दही हेच सांगतात: दोन्हीकडे कुणीतरी उभे हवे. ओळीच्या सुरुवातीला एकटे = टाकणाऱ्या मुलाला विचारा, डावीकडे कोण आहे? वरच्या ओळीतली डावी बाजूच पुढे चालू असेल तर ठीक, नाहीतर ती पुन्हा लिहायला लावा.

आणि 'उंची = ५ सेमी आहे' हे थांबवा. चिन्हातच 'आहे' आले. एकतर 'उंची ५ सेमी आहे' असे वाक्य लिहा, नाहीतर 'उंची = ५ सेमी'.