जबड्याचा सांधा का वाजतो?

प्रश्न : जांभई देताना किंवा पेरूचा मोठा घास घेताना माझ्या उजव्या कानापुढे ‘कट्’ असा आवाज होतो आणि अधूनमधून कान ठणकतो. तज्ज्ञांनी तपासून कानात दोष नसल्याचे सांगितले. मग हे दुखणे कोठले?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण वर्णन केलेल्या लक्षणांवरून दुखणे जबड्याच्या सांध्याचे असावे. कानाच्या लगेच पुढे बोट ठेवून तोंडाची उघडझाप केली, तर या सांध्याची हालचाल बोटाला जाणवते. खालच्या जबड्याचे वरचे लंबगोल टोक कानशिलाच्या हाडातील खळग्यात बसते आणि दोहोंमध्ये तंतुमय कुर्चेची, मध्ये पातळ व कडांना जाड अशी चकती असते. या चकतीमुळे सांध्याचे दोन कप्पे पडतात: तोंड उघडू लागताच खालच्या कप्प्यात हाड बिजागरीसारखे फिरते आणि आणखी उघडले, की वरच्या कप्प्यात ते चकतीसह पुढच्या उंचवट्याच्या उतारावरून घसरते. प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडते, ते या दोन्ही हालचाली मिळून.

चकती जागेवरून पुढे सरकलेली असली, तर तोंड उघडताना हाडाचे टोक तिच्या मागच्या जाड कडेवरून उडी घेऊन तिच्या मध्यभागी येते आणि ‘कट्’ होते. चकतीच्या मध्यभागी मज्जातंतू नसतात. तिच्या मागच्या मऊ भागात मात्र रक्तवाहिन्या व मज्जातंतू भरपूर असतात आणि चकती पुढे गेल्यावर तो भाग चेपला जाऊन दुखू शकतो. या सांध्याला संवेदना पुरवणारा मज्जातंतू कानाच्या नळीच्या काही भागाला आणि पडद्यालाही फाटे देतो, म्हणून वेदना कानात भासते. रात्री दात आवळण्याची सवय असल्यास गालाचे व कानशिलाचे चर्वणस्नायूही यात भर घालतात.

नुसता आवाज असेल, तर सहसा उपचार लागत नाहीत. त्यासाठी शस्त्रक्रियेचा विचार मला तरी अनाठायी वाटतो. आपल्याला वेदना आहे, तेव्हा काही दिवस मऊ अन्न घ्यावे, सुपारी व च्युइंगम टाळावे, जांभईच्या वेळी हनुवटीला हाताचा आधार द्यावा आणि दंतवैद्यांकडून सांधा तपासून घ्यावा. मात्र आवाज अचानक थांबून तोंड पूर्वीइतके उघडेनासे झाले, तर सांधा बरा झाला असे समजू नये. चकती पुढेच अडकून राहिल्याचे ते लक्षण असू शकते आणि अशा वेळी तपासणी लांबवू नये.