समुद्रातलं शेवाळ विषाणू संपवतात म्हणे, मग शेततळ्यात विषाणू सोडता येतील का?

समुद्रातलं खरं आहे. शेततळ्याचं मात्र जमायचं नाही.

परभणीकडं आमच्याही शेततळ्याचं पाणी एप्रिल लागला की हिरवंगार होतं. ठिबकचा फिल्टर उघडावा तर जाळीवर बोटभर लगदा, त्यामुळं तुमचा वैताग कळतो.

समुद्रात या बाबतीत सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो एमिलियानिया हक्सलेई या एकपेशीय शेवाळाचा. पेशी जेमतेम 5 मायक्रोमीटरची, अंगावर चुनखडीच्या गोल चकत्या. उत्तर अटलांटिकात त्याला बहर आला की पाणी दुधाळ निळं होतं, उपग्रहाच्या फोटोतही दिसतं. बहर ओसरतो त्यात मोठा हात ईएचव्ही नावाच्या विषाणूचा असतो. त्याची जनुकं 2005 मध्ये वाचली गेली: सुमारे 4 लाख बेस जोड्या (डीएनएची अक्षरंच म्हणा), म्हणजे विषाणूच्या मानानं अवाढव्य संसार. त्यात स्फिंगोलिपिड ही स्निग्ध द्रव्यं बनवायची जनुकंसुद्धा निघाली! विषाणूंना असला खटाटोप सहसा नसतो. ही द्रव्यं पेशीत साचली की पेशी स्वतःच स्वतःला संपवायला लागते आणि शेकडो नवे विषाणू बाहेर पडतात.

शेवाळही वस्ताद आहे. त्याचं एक रूप बिनचकत्यांचं, शेपटीनं पोहणारं, गुणसूत्रं निम्मी. त्याला हा विषाणू धरतच नाही.

आता तळ्याचं. एक तर असा विषाणू ठरावीक जातीलाच लागतो आणि ती जात दाट असेल तरच फैलावतो. सगळ्या शिवारात एकच वाण असला की रोग पसरतो तसं. तळ्यात हिरवं, निळं-हिरवं, तंतूचं, सगळी खिचडी. शिवाय विषाणू सोडायचे कशाला, ते आहेतच. समुद्राच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण 1 कोटी असतात, तळंही काही कोरडं नाही. खरी मेख पुढं आहे: पेशी फुटली की तिच्यातलं नत्र-स्फुरद परत पाण्यातच येतं आणि त्यावर दुसरं शेवाळ पोसतं.

म्हणून खताचं धुपून येणारं पाणी आधी अडवा, जमलं तर वर शेडनेट टाका. मोरचूद टाकायचा विचार असेल आणि तळ्यात मासे असतील, तर थांबा. मोरचूद माशांना विषारी आहेच, शिवाय एकदम मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं.