खजिनदार कवीचे चरित्र लिहिताना

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद. अठराव्या शतकातला रुमानियन कवी येनकित्सा वकरेस्कू याच्यावर चरित्रपर लेख लिहायला घेतल्याचे तुझ्या पत्रावरून कळले आणि सोबतचा आराखडाही वाचला. त्याच्या चार ओळींच्या ‘मृत्युपत्रा’ने तू सुरुवात केली आहेस. रुमानियात ती कविता सर्वतोमुखी असल्यामुळे हा मोह होणे साहजिक आहे. तरीही माझा सल्ला असा, की त्या ओळी मागे ठेव आणि आधी त्याची चाकरी लिही. कवी म्हणून तो आज ओळखला जात असला, तरी हयातभर तो वलाकियाच्या, म्हणजे आजच्या दक्षिण रुमानियातल्या संस्थानाच्या, दरबारातला मुत्सद्दी होता, राज्याचा मुख्य खजिनदार होता. आणि त्याची कविता त्या कारभारापासून सोडवून घेतली, की ती कोणाही हौशी सरदाराची वाटू लागते.

दरबार कसा होता, हे वाचकाला प्रथम नीट सांगावे लागेल. १७१६ पासून १८२१ पर्यंत वलाकियाच्या गादीवर ऑटोमन सुलतान आपल्या मर्जीतले, बहुतेक कॉन्स्टँटिनोपलच्या फनार भागातल्या ग्रीक घराण्यांतले राजे बसवीत असे. गादीसाठी पैसा मोजावा लागे, ती केव्हा जाईल याचा नेम नसे, आणि मोजलेला पैसा अखेर रयतेकडूनच वसूल होई. दरबारात ग्रीक भाषेचा मान होता. बोयार म्हणजे तिथले जमीनदार सरदार. त्यांना या परक्या राजांच्या हाताखालीच पदे मिळवावी लागत, आणि पद जितके मोठे तितका जिवाला धोका जास्त.

वकरेस्कू घराण्याला हा धोका पुरेपूर ठाऊक होता. १५ ऑगस्ट १७१४ रोजी वलाकियाचा राजा कॉन्स्टंटिन ब्रंकोव्यानू आणि त्याचे चार मुलगे यांचा कॉन्स्टँटिनोपलमध्ये शिरच्छेद झाला, त्या वेळी त्यांच्याबरोबर त्यांचा खजिनदार यानाके वकरेस्कू याचेही डोके उडवले गेले. तो येनकित्साचा आजोबा. वडील श्तेफान यांचा अंत १७६३ मध्ये विषप्रयोगाने झाला असे सांगितले जाते. अशा घरातल्या मुलाने पुन्हा खजिनदारीच पत्करावी, याचे नवल तुझ्या लेखात कुठेही उमटलेले नाही. ते उमटायला हवे. मात्र त्याला धैर्य म्हणायचे, महत्त्वाकांक्षा म्हणायचे, की बोयाराला दुसरी वाटच नव्हती असे म्हणायचे, हा निर्णय घाईने करू नकोस. माझा स्वतःचा कल तिसऱ्या उत्तराकडे आहे.

व्हिएन्नाच्या प्रसंगाला तू दोन वाक्ये दिली आहेस. त्याला निदान दोन परिच्छेद दे, कारण हा माणूस काम कसे करी हे तिथे दिसते. अलेक्सांद्रू इप्सिलांती या राजाचे दोन मुलगे १७८१ च्या अखेरीस सरहद्द ओलांडून ऑस्ट्रियाच्या मुलखात पळाले. पोरांचे हे धाडस बापाच्या मानेशी आले, कारण राजाचेच शत्रूशी सूत जुळले आहे, असा अर्थ सुलतान सहज काढू शकत होता. त्यांची मनधरणी करायला वकरेस्कूची रवानगी झाली, आणि त्यासाठी त्याने थेट व्हिएन्नात दुसऱ्या जोसेफ सम्राटाच्या दरबारापर्यंत मजल मारली. सुलतानाच्या मांडलिकाचा हा दूत सम्राटाशी इटालियनमध्ये बोलला. ग्रीक आणि तुर्की त्याला येतच होत्या. इप्सिलांतीची गादी १७८२ मध्ये गेली. तेव्हा या वकिलातीला यश म्हणून रंगवू नकोस.

भाषांची ही शिदोरी पुढे व्याकरणात उतरली. रुमानियन भाषेच्या नियमांवरचे त्याचे पुस्तक १७८७ मध्ये निघाले. छापील रुमानियन व्याकरणांतले ते अगदी सुरुवातीचे. भाषा तेव्हा सिरिलिक लिपीत लिहिली जाई आणि व्याकरणाच्या संज्ञा तिच्यात रुळलेल्या नव्हत्या, म्हणून त्याने बऱ्याच संज्ञा इटालियनच्या आधाराने घडवल्या. त्याच ग्रंथात पद्यरचनेचाही विचार आहे. खंडणीच्या आकड्यांत बुडालेल्या माणसाने मात्रा मोजत बसावे, याचे तुला आश्चर्य वाटले असेल. मला त्यात एकच सवय दिसते, सगळे नियमात बसवण्याची. ग्रंथ निघाला तेव्हा निकोलाये माव्रोगेनी गादीवर होता आणि रशिया-तुर्कस्तान युद्ध पेटत होते. माव्रोगेनीने त्याला हद्दपार केले. डॅन्यूबकाठच्या निकोपोलला असताना त्याने ऑटोमन सुलतानांचा इतिहास लिहायला घेतला. तो त्याच्या हयातीत छापला गेला नाही. नावात सुलतानांचा गौरव असला, तरी लेखकाने स्वतः पाहिलेले त्यात पुष्कळ आहे, आणि तुझ्या लेखासाठी खरे खाद्य तेच आहे.

कवितांपैकी दोनच घे. एक जोडीदार गमावलेल्या होल्याच्या मादीची: थंड पाणी दिसले की ती मादी ते गढूळ करून पुढे जाते, आणि शिकारी दिसला की आपल्याला टिपावे म्हणून मुद्दाम तिकडेच उडते. लोकगीताचे वळण तिच्यात उघड आहे. ते लपवू नकोस. दुसरी बागेतल्या फुलाची: तोडले तर कोमेजते, ठेवले तर दुसरा कोणी नेईल ही भीती. शृंगाराची ही इवलीशी रचना मला खजिनदाराचीच वाटते. हा माझा लहरी अभिप्राय समज आणि लेखात घालू नकोस.

‘मृत्युपत्र’ आता आण. वकरेस्कूंच्या वारसांना मी रुमानियन भाषेची वाढ आणि देशाचा सन्मान ठेवून जातो, असे तो म्हणतो. पहिल्या ओळीच्या शेवटी घराण्याचे नाव आहे, तिसरीच्या शेवटी भाषेचे, आणि दोघांचे यमक जुळते. म्हणजे हे बोलणे आधी घरातल्या माणसांशी आहे. पुढच्या शतकातल्या राष्ट्रवाद्यांनी ते अवघ्या राष्ट्राचे करून घेतले, त्यात गैर काही नाही. पण १७९७ मध्ये मरण पावलेल्या बोयाराच्या तोंडी १८४८ च्या क्रांतिकारकांची भाषा घालू नकोस. तुझ्या मसुद्यात ‘राष्ट्रजागृतीचा अग्रदूत’ हे शब्द तीनदा आले आहेत. तिन्ही ठिकाणी काट मार.

वारसांनी वारसा घेतला हे मात्र अवश्य लिही. आलेकू आणि निकोलाये हे मुलगे कवी झाले, आलेकूचा मुलगा यांकूही कवी झाला. त्याच घराण्यातली एलेना (१८६४–१९४७) फ्रेंचमध्ये कविता लिहून नावारूपाला आली आणि राष्ट्रसंघात (लीग ऑफ नेशन्समध्ये) रुमानियाची प्रतिनिधी म्हणून वावरली. तिच्यासाठी वेगळा लेख लागेल. इथे एका वाक्यात उरक. जन्मवर्ष १७४० दिले आहेस, त्याच्यामागे ‘सुमारे’ घाल आणि सुधारलेला मसुदा पुन्हा पाठव.

तुझा शुभचिंतक