तलावाकाठचं क्लीव्हलँड: कारखाने आले का अन् माणसं गेली का?

प्रश्न : राम राम भाऊ. पुतण्या शिकायला अमेरिकेत क्लीव्हलँडला आहे. म्हणतो काका, इथल्या तलावाचा पलीकडचा काठच दिसत नाही अन् जुने कारखाने बघावे तिकडे. आपण मेहरूण तलावावर फिरायला जातो, भेळ खातो, येतो. तिथंच एवढे कारखाने कसे काय झाले?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : भाऊ, भुसावळचे असून हे विचारता? मुंबईची लाइन तुमच्याकडे फुटते, एक नागपूरला एक इटारसीला, म्हणून गाव वाढलं. क्लीव्हलँडचं तेच, फक्त आधी पाणी मग रेल्वे. लोखंडाचं खनिज वर सुपीरियर तलावाकडे, कोळसा खाली पेनसिल्व्हेनिया-ओहायोत, अन् मधे पुतण्या बघतो तो ईरी तलाव. 1832 पर्यंत कालवा थेट ओहायो नदीला भिडला, 1855 ला सू लॉक्स (जहाज आत घेऊन पाणी वर-खाली करणारी दारं) झाले म्हणजे सुपीरियरची जहाजं धबाबा उतरणारं पाणी टाळून खाली यायला लागली, अन् खनिज-कोळसा जिथं भेटले तिथं भट्ट्या पेटल्या. रॉकफेलरने स्टँडर्ड ऑइल 1870 ला इथंच काढली, पुढे 1885 ला मुख्य ऑफिस न्यूयॉर्कला नेलं. (आपल्या अमळनेरला 1945 ला निघालेली विप्रो आता बेंगळुरूची म्हणून ओळखतात, तसंच.)

कारखान्यांची घाण सगळी शहरातल्या कायाहोगा नदीत. जून 1969 ला नदीवरच्या तेलाने पेट घेतला, आग अर्ध्या तासात विझली, पण देशभर गाजली, अन् गंमत म्हणजे टाइम मासिकाने जो फोटो छापला तो 1952 च्या आगीचा होता! 1972 ला पाणी स्वच्छ ठेवायचा कायदा आला, त्यामागे या बोभाट्याचाही हात.

माणसं म्हणाल तर 1950 ला 9,14,808 होती, 2020 ला 3,72,624. सगळे कारखान्यांमुळेच गेले असं नाही, हायवे झाले, गाड्या आल्या, लोक उपनगरात राहायला गेले अन् त्यांचा टॅक्सही तिकडेच गेला. वरून बाहेरचं स्वस्त पोलाद. डिसेंबर 1978 ला महापालिका कर्जाचा हप्ता चुकवून बसली. बँकांचं म्हणणं, महापालिकेची वीज कंपनी विका. महापौर कुसिनिच, वय बत्तीस, म्हणे नाही विकत! फेब्रुवारी 1979 ला लोकांनी मत दिलं, शहराचा आयकर वाढवा पण कंपनी ठेवा. कंपनी राहिली, कुसिनिच त्याच वर्षी पडला. मला विचाराल तर त्या शहराच्या इतिहासात रॉकफेलरपेक्षा हे प्रकरण जास्त वाचण्यासारखं आहे.

आता सगळ्यात जास्त नोकऱ्या क्लीव्हलँड क्लिनिक देतं, 1921 चं हॉस्पिटल. पण पोलादाचा कारखाना पूर्ण बंद नाही हां, नदीकाठी भट्टी अजून चालू आहे.

प्रश्न : ईरी तलाव थंडीत गोठतो म्हणे, मग त्या भट्टीला खनिज कुठून येतं?
– एक वाचक, चोपडा

उत्तर : गोठतो, तिथल्या पाच मोठ्या तलावांत तोच सगळ्यात उथळ आहे ना. सू लॉक्सही जानेवारीच्या मध्यापासून 25 मार्चपर्यंत बंद. म्हणून लॉक्स बंद होण्याआधीच जहाजांवर जहाजं रिकामी करून खनिजाचे ढीग लावून ठेवतात अन् भट्टी मार्चपर्यंत त्याच्यावरच चालते.