विश्वास, आज्ञापालन आणि सामायिक ध्येय: तीन नामं की तीन क्रियापदं?

वेंगुर्ल्याच्या एका वाचकाने विचारलं आहे. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, वार्षिक अंकासाठी यंदाचा विषय इंग्रजीतून आला, 'ट्रस्ट, ओबीडियन्स अँड शेअर्ड मिशन'. त्यांनी त्याचं मराठी केलं, 'विश्वास, आज्ञापालन आणि सामायिक ध्येय'. मंडळीतल्या जुन्या माणसांना ते कोरडं वाटलं, सरकारी परिपत्रकासारखं. याहून जवळचे शब्द आहेत का, 'विश्वास जगणे' असं लिहिता येतं का, आणि माणसांना 'विश्वासणारे' म्हणावं की 'विश्वासी', असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

शब्द चुकलेले नाहीत. कोरडेपणा येतो तो तिन्ही नामं ओळीने मांडल्यामुळे. मराठीत भाववाचक नामांची अशी रांग लावली की वाक्यातला माणूस नाहीसा होतो. कोण विश्वास ठेवतो, कोणाचं ऐकतो, कोणाबरोबर कामाला लागतो, यातलं काहीच उरत नाही. बायबलातल्या नव्या कराराची मूळ भाषाही इथे मराठीच्या बाजूने आहे. योहानाच्या शुभवर्तमानात 'विश्वास' हे नाम मूळ ग्रीकमध्ये एकदाही येत नाही, 'विश्वास ठेवणे' हे क्रियापद मात्र ९० हून अधिक वेळा येतं. योहानाच्या लेखी ती करायची गोष्ट आहे. म्हणून मी तुमच्या ओळीतल्या एकेका नामामागचं क्रियापद शोधून बघतो.

पहिला शब्द विश्वास. 'वि' अधिक 'श्वस्', म्हणजे श्वास. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, धास्ती राहत नाही, तिथे विश्वास. मराठीत तो चार तऱ्हांनी चालतो. विश्वास बसतो, तेव्हा काही बघितलेलं, अनुभवलेलं असतं. विश्वास ठेवतो, तेव्हा आपण मनाशी ठरवलेलं असतं. विश्वास टाकतो, तेव्हा आपला भार दुसऱ्यावर सोपवलेला असतो. आणि विश्वास धरतो. हा चौथा प्रयोग आज जवळजवळ फक्त ख्रिस्ती उपासनेत उरला आहे. 'मी या बँकेवर विश्वास धरतो' असं कोणी म्हणत नाही. पण धीर धरणे, आशा धरणे, कास धरणे, हात धरणे या सगळ्यांत जे 'न सोडणं' आहे ते 'विश्वास धरणे'मध्येही आहे. बाहेरच्या वाचकाला खटकेल म्हणून तो प्रयोग बदलावा, असं अलीकडे काही जण सुचवतात. माझं मत उलट आहे. हा प्रयोग जपावा.

आणि याच्याही आधीचा, आपल्या सगळ्यांच्या तोंडातला शब्द आहे, भाव. मराठी बायबलात नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात आणि ३७ व्या स्तोत्रात परमेश्वरावर 'भाव ठेव' असंच म्हटलं आहे. जुन्या करारात जिथे सगळा भार देवावर टाकून निश्चिंत होणं आहे, तिथे भाषांतरकारांना संतांचा हा शब्द जवळचा वाटला. भाव तसा देव, हे आपण बोलताना सहज म्हणून जातो. तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात गेलात तर कोंकणी ख्रिस्ती माणूस श्रद्धेला 'भावार्थ' म्हणतो. आपल्याकडे भावार्थ म्हणजे कवितेचा आशय, शाळेच्या परीक्षेत पाच गुणांना विचारतात तो. तिकडे तो मनाचा आधार आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या ज्या कॅथलिक घरांत कोंकणी बोलतात आणि मुलं मराठी शाळेत जातात, तिथे हे दोन्ही अर्थ एका छपराखाली नांदतात.

ही ओळख आजची नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. ख्रिस्ताची कथा मराठी कानाला सांगायची तर पुराणाची चाल आणि ओवीच हवी, हे त्याने ओळखलं होतं. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १८६१ मध्ये, दापोली तालुक्यातल्या करजगावात नारायण वामन टिळक जन्मले. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणली, आणि त्यांची पदं आजही मराठी उपासनेत गातात. तेव्हा तुमच्या अंकात 'भाव' हा शब्द आला तर तो बाहेरून आणलेला वाटणार नाही. बाजारात बांगड्याचाही भाव असतो, पण 'देवावर भाव' म्हटल्यावर कोणाचा गोंधळ होत नाही.

आता आज्ञापालन. मला या शब्दावर जरा रेंगाळायचं आहे.

'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं आपण रजेच्या अर्जाखाली वर्षानुवर्षं लिहीत आलो. त्यामुळे आज्ञेचं हे सगळं कुटुंब, आज्ञापालन, आज्ञाधारक, आज्ञांकित, कचेरीच्या आणि परेडच्या वासाचं झालं आहे. 'आज्ञा' स्वतः वाईट नाही. दहा आज्ञा म्हटलं की मंडळीतलं लहान मूलही ओळखतं, आणि 'वडिलांच्या आज्ञेत राहणे' हा प्रेमाचा प्रयोग आहे. कोरडं आहे ते 'पालन', कारण पालन नियमांचंही होतं, वाहतुकीच्या सिग्नलचंही होतं. त्यात सांगणारा कोण, हे महत्त्वाचं राहत नाही.

मराठीत याला साधा शब्द आहे, ऐकणे. मालवणी आई म्हणते, 'झील माजा आयकणा नाय'. मुलाचे कान ठणठणीत आहेत, आईचा आवाज त्याला दोन वाड्या पलीकडेही पोचतो, तरी तो 'ऐकत' नाही. म्हणजे आपल्या भाषेत ऐकणं पुरं होतं ते ऐकल्याप्रमाणे केल्यावर. हिब्रूतही असंच आहे. 'शमा' या धातूत कानाने ऐकणं आणि मानणं दोन्ही आहे, आणि जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली इस्राएलाला 'श्रवण कर' ही हाक त्याच धातूची आहे. ग्रीकमध्ये आज्ञापालनाला 'हिपाकोए' म्हणतात, त्याच्या पोटात 'अकोए', म्हणजे ऐकणं, आहे. ज्या लॅटिन शब्दावरून इंग्रजीतला ओबीडियन्स आला, त्याच्यातही ऐकण्याचाच धातू आहे.

नव्या करारातल्या रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रेषित पौलाने १६ व्या आणि १७ व्या वचनांत हे शब्द लागोपाठ वापरले आहेत. सुवार्ता सर्वांनीच मानली नाही, असं तो आधी म्हणतो आणि लगेच म्हणतो की विश्वास ऐकण्यातून येतो. ग्रीक वाचणाऱ्याला मानणं आणि ऐकणं ही जोडी कानाला कळते. मराठी भाषांतरात ती तुटते, कारण एकीकडे 'मानणे' किंवा 'आज्ञा पाळणे' येतं आणि दुसरीकडे 'ऐकणे'. बोलीत सांगायचं तर 'सगळ्यांनी ऐकलं नाही, आणि विश्वास तर ऐकूनच येतो' असं सरळ म्हणता येतं, आणि मुळातली जोडी जशीच्या तशी हाती लागते. ही मला मराठीची फार मोठी श्रीमंती वाटते. त्याच पत्राच्या आरंभी पौल विश्वास आणि आज्ञापालन यांची एका शब्दप्रयोगात मोट बांधतो. त्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत, पण 'माझ्यावर विश्वास आहे ना? मग ऐक' हे घरातलं वाक्य तेच सांगतं.

म्हणाल, ऐकणं म्हणजे मान डोलावणं का? तर नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २१ व्या अध्यायातले दोन मुलगे आठवा. बापाने द्राक्षमळ्यात जायला सांगितलं. एक 'नाही' म्हणाला आणि मग गेला. दुसरा 'जातो' म्हणाला आणि गेला नाही. यातलं कोणी ऐकलं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

तुमचे तिन्ही शब्द एकाच प्रसंगात बघायचे असतील तर लूकच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय उघडा. गनेसरेत सरोवराचा काठ. रात्रभर खपूनही हाती काही लागलेलं नाही, सकाळी जाळी धुणं चाललं आहे. येशू शिमोनाला म्हणतो, खोल पाण्यात चल आणि जाळी सोड. शिमोन जन्माचा मच्छीमार, सांगणारा सुतार. शिमोन आपली अडचण लपवत नाही, रात्रभराचे कष्ट बोलून दाखवतो, आणि मग म्हणतो की तरी आपण सांगता म्हणून टाकतो. आपल्याकडे याला 'शब्दाखातर' म्हणतात. शब्दाखातर केलेल्या कामात विश्वास कुठे संपतो आणि आज्ञापालन कुठे सुरू होतं, हे दाखवता येत नाही. सांगणाऱ्या माणसासाठी ते केलेलं असतं.

पुढे जाळी फाटू लागतात, आणि शिमोन दुसऱ्या मचव्यातल्या साथीदारांना खुणावतो. सातव्या वचनात त्यांच्यासाठी एक ग्रीक शब्द आहे आणि दहाव्या वचनात, जब्दीच्या मुलांबद्दल बोलताना, दुसरा, 'कोइनोनोइ', म्हणजे भागीदार. हा दुसरा शब्द लक्षात ठेवा, कारण मंडळीच्या भाषेतली 'सहभागिता' ज्या 'कोइनोनिया'वरून केली तो याचाच सख्खा भाऊ आहे. म्हणजे प्रेषितांच्या सहभागितेचा शब्द मासेमारीतल्या भागीदारांनाही लागत होता. पुढे पौल तोच शब्द यरुशलेमेतल्या गरिबांसाठी गोळा केलेल्या वर्गणीलाही लावतो.

म्हणून 'सामायिक' मला नको वाटतो. कोकणात 'सामायिक' म्हटलं की सामायिक विहीर, सामायिक कलम, सातबारावरची नावं आणि तिसऱ्या पिढीतला कज्जा आठवतो. सामायिक म्हणजे जे अजून वाटलं गेलेलं नाही ते. 'सहभागिता' मंडळीत रुळलेला आहे, तो राहू द्या. पण लूकचा अर्थ पकडायचा तर किनाऱ्यावरचा शब्द घ्या, वाटेकरी.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली असेल. होडीतून जाळं अर्धगोलात सोडत नेतात, दोन्ही टोकांचे दोर वाळूवर येतात, आणि दोन्हीकडे माणसं रांगेने उभी राहून पाठी टेकत टेकत ओढतात. एका बाजूला जोर कमी पडला की जाळं तिरकं येतं. दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात, आणि शेवटी पेडवे, बांगडे वाळूवर आले की वाटे घालतात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा. 'वाटा' हा शब्द असा दुतोंडी आहे. वाटा उचलायचाही असतो आणि वाटा मिळतोही. खारीचा वाटा म्हणताना आपण काम मोजतो, मासळीचा वाटा म्हणताना फळ. कोइनोनियातही हे दोन्ही आहे. फिलिप्पैची मंडळी पौलाच्या सुवार्ताकार्यात भागी होती, कारण तिने त्याच्या गरजेला मदत पाठवली होती.

राहिलं 'मिशन'. मराठीत मिशन ही जागा आहे. मिरजेचं मिशन हॉस्पिटल, मिशन कंपाउंड. तुमच्या वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटलही अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातूनच आलं. 'ध्येय' मला पटत नाही. ध्येय आपलं आपण ठरवतो, आणि मिशनमध्ये पाठवणारा दुसरा कोणी असतो. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थच पाठवणे. कॅथलिकांच्या उपासनेचा 'मिस्सा' हा शब्दही त्याच क्रियापदाचा, लॅटिन उपासनेच्या अखेरीस 'जा' म्हणून लोकांना निरोप देतात त्या वाक्यातला. 'पाठवणी' लिहावं तर ती नवरीची होते. 'प्रेषितकार्य' बरोबर आहे, पण वर्तमानपत्रं मुहंमदांना 'प्रेषित' म्हणतात, आणि ख्रिस्ती मराठीत प्रेषित (येशूने पाठवलेला) वेगळा, संदेष्टा (देवाचा संदेश सांगणारा) वेगळा. बाहेरच्या वाचकाला ते समजावत बसावं लागेल. माझी पसंती 'कामगिरी'ला. आज खेळाच्या पानावर त्याचा अर्थ बदलला असला तरी 'कामगिरीवर पाठवणे', 'कामगिरी सोपवणे' हे प्रयोग जिवंत आहेत, आणि त्यांत पाठवणारा स्पष्ट दिसतो.

तर मुखपृष्ठावर असं छापा: 'देवावर भाव ठेवू, त्याचं ऐकू, त्याच्या कामगिरीत एकमेकांचे वाटेकरी होऊ.' आतल्या लेखांत विश्वास, आज्ञापालन, सहभागिता हे शब्द जिथे हवे तिथे खुशाल येऊ द्या.

'विश्वास जगणे' टाळा. मराठीत माणूस जगतो, विश्वास जगता येत नाही. 'विश्वासाने चालणे' हा पौलाचाच प्रयोग करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे, तो वापरा. किंवा 'विश्वास वागण्यात उतरणे' म्हणा.

'विश्वासणारे' बरोबर. बोलणे, बोलणारा तसं विश्वासणे, विश्वासणारा. 'विश्वासी' हिंदीच्या संगतीने आला आहे, आणि त्याने मराठीतली एक चांगली जोडी पुसली जाते: विश्वासणारा म्हणजे जो विश्वास ठेवतो, आणि विश्वासू म्हणजे ज्याच्यावर ठेवता येतो. ग्रीकमधल्या 'पिस्तोस' या एकाच शब्दात हे दोन्ही अर्थ आहेत, मराठीला त्यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातला धनी ज्या दासाला शाबासकी देतो तो विश्वासू. तिथे मात्र 'विश्वासणारा' चालणार नाही, तेवढं मुद्रितं तपासताना बघा.